निळं रक्त आणि उंदरांच्या घराण्याचं नाक

हरमलच्या किनाऱ्यावरून गोड्या पाण्याच्या तळ्याकडे निघालं की वाटेत काळे खडक लागतात. ओहोटीच्या वेळी नीट पाहिलंत तर त्यांच्यावर टोकदार टोपीच्या आकाराचे छोटे शिंपले बसलेले दिसतील. बसलेले कसले, चिकटलेलेच! लाट आपटली तरी हलत नाहीत, आणि हात लावायला गेलात तर आणखी घट्ट बसतात. प्रत्येक टोपीखाली एक समुद्री गोगलगाय राहते. आता मला सांगा, तिच्या रक्ताचा रंग कोणता?

लाल म्हणालात? नाही. निळा!

खरंच निळा. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन लोह वापरतं, म्हणून आपलं रक्त लाल. या गोगलगायीचं प्रथिन लोहाऐवजी तांबं वापरतं आणि प्राणवायू मिळाला की निळसर होतं. तुमच्या घरी खाडीतली कुर्ली येते ना, तिचं रक्तही तांब्यावरच चालतं. माकुलाचंही तसंच. या प्रथिनाला म्हणतात हिमोसायनिन.

हरमलच्या या टोपीवालीची एक दूरची, बरीच मोठी नातेवाईक अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहते. तिच्या कवचाच्या माथ्यावर एक भोक असतं, म्हणून तिचं नाव कीहोल लिंपेट. ती चांगली तळहाताएवढी होते. तिच्या निळ्या रक्ताला जगभरच्या प्रयोगशाळांत फार मान आहे, आणि तो कशासाठी हे समजून घ्यायचं तर आपल्याला समुद्र सोडून उंदरांच्या पिंजऱ्यांकडे जावं लागेल.

त्याआधी थोडी तयारी.

अंगात एखादा जंतू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. करोनाच्या दिवसांत घरातली मोठी माणसं ‘अँटिबॉडी, अँटिबॉडी’ म्हणत होती, तीच ही. प्रतिपिंड म्हणजे एक प्रथिन. आकार इंग्रजी वाय अक्षराचा: वर दोन हात, खाली एक दांडा. हातांच्या टोकांनी ते जंतूला पकडतं. ते चार साखळ्यांचं बनलेलं असतं, दोन लांब आणि दोन आखूड. शास्त्रज्ञ लांब साखळीला जड साखळी म्हणतात आणि आखूड साखळीला हलकी. हाताच्या टोकाशी या दोन्ही साखळ्या शेजारी शेजारी येतात, आणि त्या दोघींच्या मिळून जो आकार होतो तो ज्याच्याशी जुळेल त्यालाच ते प्रतिपिंड पकडतं.

जगात जंतू किती! शिवाय उद्या कुठला नवा येईल ते कुणालाच ठाऊक नाही. मग शरीर प्रत्येकासाठी वेगळं प्रतिपिंड आणतं कुठून?

हे कोडं जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी 1976 साली सोडवलं. शरीराजवळ प्रतिपिंडांची तयार जनुकं नसतातच. असतात ते जनुकांचे तुकडे. प्रतिपिंड बनवणारी प्रत्येक पेशी, म्हणजे बी-पेशी, स्वतःपुरते काही तुकडे निवडते आणि जोडते. उंदराचा ढोबळ हिशेब करून पाहू. जड साखळीसाठी पहिल्या प्रकारचे साधारण 100 तुकडे, दुसऱ्या प्रकारचे 12, तिसऱ्या प्रकारचे 4. गुणाकार करा: 4,800. हलक्या साखळीसाठी साधारण 95 आणि 4, म्हणजे 380. आता 4,800 गुणिले 380. वही घ्या बरं! उत्तर येतं 18 लाख 24 हजार. यात आणखी एक गंमत मिळवा. तुकडे जोडताना सांध्यावर अधूनमधून एखादं अक्षर गळतं, एखादं नवीन शिरतं. म्हणजे हिशेब कोटींच्या पलीकडे गेला. या शोधासाठी तोनेगावांना 1987 साली नोबेल पुरस्कार मिळाला.

आता आजचा खरा प्रश्न. दोन उंदरांना एकच परकी वस्तू टोचली. दोघांनीही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली. ती सारखी असतील का?

कोट्यवधी शक्यता आहेत आणि प्रत्येक उंदीर आपापला निवडतोय. तेव्हा ती वेगवेगळी असणार, असंच तुम्ही म्हणाल. पुष्कळदा तसंच होतंही. पण काही घराण्यांच्या उंदरांनी शास्त्रज्ञांना चकित केलं, ती हकिगत अशी.

उंदरांची घराणी? हो! प्रयोगशाळेतले उंदीर घराण्यांनी ओळखले जातात. निदान वीस पिढ्या सख्ख्या भावाबहिणींची जोडी लावत गेलं की असं घराणं तयार होतं. त्यातले सगळे उंदीर जनुकांनी जवळजवळ जुळे. पांढऱ्या उंदरांचं ‘ए’ घराणं 1921 साली लिओनेल स्ट्राँग यांनी सुरू केलं. ‘बाल्ब-सी’ हे दुसरं घराणंही पांढरंच. त्याची सुरुवात हॅल्सी बॅग यांच्या 1913 सालच्या पांढऱ्या उंदरांपासून होते. दोन पिंजरे शेजारी ठेवले तर दोघांमधला फरक आपल्याला कळायचा नाही. त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना मात्र तो पक्का ठाऊक असतो.

1970च्या सुमारास शिकागोत अल्फ्रेड निसॉनॉफ नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी उंदरांना टोचायला मुद्दाम अशी वस्तू निवडली जी उंदराला निसर्गात कधी भेटतच नाही. तिचं नाव आर्सोनेट. सोमल, म्हणजे आर्सेनिक, असलेला हा एक चिमुकला रेणू आहे. पण रेणू इतका लहान असला की शरीर त्याच्याकडे लक्षच देत नाही. तो एखाद्या मोठ्या, परक्या प्रथिनावर चिकटवून दिला तर मात्र शरीर खडबडून जागं होतं आणि त्या चिमुकल्याविरुद्धही प्रतिपिंडं बनवतं. रक्तगट शोधून काढणारे कार्ल लँडस्टायनर यांनी ही युक्ती फार आधीच दाखवून दिली होती.

मग मोठं आणि परकं प्रथिन कुठलं घ्यायचं? आता आठवली ना कीहोल लिंपेट? तिचं हिमोसायनिन आकारानं प्रचंड असतं आणि उंदराला अगदीच अनोळखी. त्यावर आर्सोनेट चिकटवलं आणि ते उंदरांना टोचलं. ए घराण्याच्या उंदरांनी आर्सोनेटविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं बनवली.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते, म्हणून ती जरा सावकाश सांगते. एका उंदराची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या प्रतिपिंडांसारखी आहेत का, हे बघायचं कसं? ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्या काळात जनुकं वाचायची सोयही नव्हती. निसॉनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम सशावर सोपवलं. ए उंदरांची आर्सोनेटविरोधी प्रतिपिंडं शुद्ध करून त्यांनी सशाला टोचली. सशाच्या लेखी उंदराचं प्रतिपिंड हीसुद्धा परकी वस्तूच. म्हणून सशानं त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं बनवली. प्रतिपिंडाविरुद्ध प्रतिपिंड!

पण सशाची ही प्रतिपिंडं भेसळीची होती. त्यातली बरीचशी उंदराच्या कुठल्याही प्रतिपिंडाला चिकटायची, कारण दांडा तर सगळ्यांचा सारखाच. ती काढून टाकायला हवी होती. म्हणून सशाच्या रक्तद्रवाचा संबंध त्याच ए घराण्याच्या, पण आर्सोनेट न टोचलेल्या उंदरांच्या साध्या प्रतिपिंडांशी आणला. जी कुणालाही चिकटणारी होती, ती तिथेच अडकली. उरली फक्त निवडक. ती आर्सोनेटविरोधी प्रतिपिंडाच्या हाताच्या टोकाशी असलेली एक विशिष्ट ठेवण तेवढी ओळखत. ती ठेवण नसेल तर ती ढुंकूनही बघत नसत. अशा ठेवणीला शास्त्रज्ञ इडिओटाइप म्हणतात. आपण तिला नाक म्हणू या. बाळ बघायला आलेल्या बायका म्हणतात ना, ‘नाक अगदी आज्यावर गेलंय’? तसं हे प्रतिपिंडाचं नाक.

मग किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावलेली प्रतिपिंडं वापरून एकेका उंदराचं रक्त तपासलं. 1972 साली निकाल छापून आला. ए घराण्याच्या प्रत्येक उंदराच्या रक्तात तेच नाक! सगळ्या प्रतिपिंडांना नव्हे, पण आर्सोनेटविरोधी प्रतिपिंडांपैकी 20 ते 70 टक्क्यांना ते होतं. एका उंदरानं दुसऱ्याचं बघून काही केलेलं नाही. प्रत्येकानं एकट्यानं, आपल्या आपण तुकडे जोडले आणि तरी सगळे तिथेच पोचले. बाल्ब-सीच्या उंदरांनीही आर्सोनेटविरुद्ध प्रतिपिंडं उत्तम बनवली. त्यांच्यात ते नाक मात्र नव्हतं.

याचा अर्थ नाक आनुवंशिक असावं. पण विज्ञानात ‘असावं’ म्हणून भागत नाही. ते दाखवावं लागतं. आणि ते दाखवायला सूक्ष्मदर्शकही लागला नाही, लागली ती फक्त उंदरांची लग्नं आणि वहीतला हिशेब.

ए घराण्याच्या उंदराचं लग्न नाक नसलेल्या घराण्याशी लावा. पिल्लांना प्रत्येक गुणसूत्र जोडीनं मिळतं, एक आईकडून, एक बाबांकडून. या पिल्लांच्यात नाक दिसतं. म्हणजे ए घराण्याकडून आलेली एक प्रत पुरते. आता या पिल्लांचं लग्न पुन्हा नाक नसलेल्या घराण्याशी लावा. नातवंडांपैकी साधारण निम्म्यांना ए घराण्याचं ते जनुक मिळणार आणि निम्म्यांना नाही. बागेतल्या वाटाण्यांवर ग्रेगोर मेंडेल यांनी जो हिशेब मांडला होता, तोच इथे रक्ताच्या थेंबात.

आणखी एक खूण होती. प्रतिपिंडाच्या दांड्यावरही घराण्याघराण्यांत बारीक फरक असतात. नातवंडांच्यात पाहिलं तर ज्याला ए घराण्याचा दांडा मिळाला, त्यालाच नाकही मिळालेलं! दोन्ही हातात हात घालून चालले होते. 1973 साली पाव्लाक, मुशिन्स्की, निसॉनॉफ आणि पॉटर यांनी याचा पुरावा मांडला. हाताच्या टोकाचं जनुक आणि दांड्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर, एकमेकांच्या शेजारात बसलेलं आहे, असा त्याचा अर्थ. पुढे कळलं की उंदरात हे गुणसूत्र 12व्या क्रमांकाचं. पुढे असेही उंदीर वापरात आले ज्यांचं बाकी सगळं बाल्ब-सीचं, पण जड साखळीच्या जनुकांचा पट्टा तेवढा ‘एएल’ या ए घराण्याच्या चुलत घराण्याचा. त्यांच्या प्रतिपिंडांवर नाक उमटलं.

इथे थांबून जरा विचार करा. जनुकाचं एक अक्षरही न वाचता, केवळ लग्नं लावून आणि रक्त तपासून, एका जनुकाचा पत्ता शोधला. मला तर हे जनुकं वाचणाऱ्या आजच्या यंत्रांपेक्षा जास्त थोर वाटतं.

पण प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही. हाताच्या टोकाशी दोन साखळ्या असतात, हे मी आधी सांगितलंय. नाक तयार व्हायला फक्त जड साखळी पुरेशी असेल का? 1977 साली निसॉनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए उंदरांची लग्नं ‘पीएल’ नावाच्या घराण्याशी लावली. पीएलची हलकी साखळीही वेगळ्या वळणाची असते. नातवंडांचं रक्त तपासल्यावर कळलं की जड साखळी ए घराण्याची मिळाली तरी हलकी तशी मिळाली नाही तर नाक उमटत नाही. दोन्ही लागतात. जड साखळीची जनुकं 12व्या गुणसूत्रावर आणि हलकीची 6व्या. म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन वारसे यावे लागतात. बाल्ब-सीकडे तशी हलकी साखळी असतेच, म्हणून त्यांच्याशी लावलेल्या लग्नात फक्त जड साखळीचाच हिशेब दिसत होता.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. हे नाक नसलं तर उंदराचं काही अडतं का? याचंही उत्तर त्यांनी शोधलं. ए घराण्याच्या उंदरांना त्यांनी आधीच सशाची ती नाक ओळखणारी प्रतिपिंडं टोचली. त्यामुळे नाकवाली प्रतिपिंडं दबून गेली. नंतर आर्सोनेट टोचलं तर काय झालं? उंदरांनी आर्सोनेटविरुद्ध प्रतिपिंडं बनवलीच, पण नाक नसलेली. म्हणजे शरीराला वाटा पुष्कळ माहीत असतात. ए घराण्याचा पाय आपोआप एका मळलेल्या वाटेकडे वळतो, एवढंच.

ही मळलेली वाट नेमकी कुठली, ते 1983 साली कळलं. तोवर जनुकं वाचता येऊ लागली होती. सीकेविट्झ, हुआंग आणि गेफ्टर यांनी दाखवलं की ए घराण्यातल्या नाकवाल्या सगळ्या प्रतिपिंडांच्या जड साखळीसाठी पहिल्या प्रकारच्या तुकड्यांपैकी एकच तुकडा वापरला जातो. सुमारे शंभरांतला एक! ज्या घराण्याजवळ तो तुकडाच नाही, ते नाक आणणार कुठून?

आता आपल्या माणसाचं नाव येतं. डॉ. सत्यजित रथ हे पुण्यात डॉक्टर झालेले प्रतिकारशास्त्रज्ञ. पुढे त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिकारशास्त्र संस्थेत दीर्घकाळ संशोधन केलं. 1989 साली निसॉनॉफ यांच्यासह सहा शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध अमेरिकेत छापून आला, त्यात रथ यांचंही नाव आहे. या मंडळींनी आर्सोनेटविरोधी प्रतिपिंडाच्या जड साखळीचं आधीच जोडून तयार झालेलं जनुक घेतलं आणि ते बारीक सुईनं टोचून उंदराच्या वंशात आणलं. ते बसलं भलत्याच जागी, आपल्या नेहमीच्या शेजाऱ्यांपासून दूर. जनुक टोचताना त्याच्याजवळ दांडा होता तो एकाच प्रकारचा. तरीही पुढे या उंदरांच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या दांड्यावर तेच टोक बसलेली प्रतिपिंडं सापडली. परक्या जागी बसलेल्या जनुकानंही दांडा बदलला होता! असं होऊ शकतं, हे तेव्हा नवलच होतं.

आर्सोनेट तर प्रयोगशाळेतली वस्तू, मग या सगळ्याचा खऱ्या आजाराशी संबंध काय? आहे, आणि जवळचा आहे. न्यूमोनिया आणणारा न्यूमोकॉकस हा जंतू अंगावर फॉस्फोरिलकोलीन नावाचा रेणू बाळगतो. बाल्ब-सी उंदीर त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडं बनवतात, त्यातल्या बहुतेकांचं नाक एकच, त्याचं नाव टी-15. डेव्हिड ब्राइल्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या नाकांची प्रतिपिंडं उंदरांना देऊन, मग न्यूमोकॉकसशी गाठ घालून पाहिली. 1982 साली त्यांनी लिहिलं की टी-15वाली प्रतिपिंडं उंदरांना सगळ्यात चांगलं वाचवतात. म्हणजे इथे घराण्याचं नाक नुसतं ओळखीपुरतं राहिलं नाही, जीव वाचवण्याच्या कामाला आलं.

माणसांची तर अशी घराणी नसतात. हरमलचा मुलगा, डिचोलीची मुलगी आणि ब्राझीलमधला एखादा मुलगा, तिघांची जनुकं वेगवेगळी. तरी प्रतिपिंडं जोडायचे तुकडे माणसांमाणसांत बरेचसे सारखेच असतात. करोनाची साथ आली तेव्हा याचा प्रत्यय आला. 2020 साली शास्त्रज्ञांनी आजारातून बरे झालेल्या, एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या माणसांची प्रतिपिंडं वाचली. करोना विषाणूला नेमक्या जागी अडवणाऱ्या प्रतिपिंडांत जड साखळीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा सापडत होता. त्याचं नाव थोडं अवघड आहे: आयजीएचव्ही 3-53. हा तुकडा बहुतेकांजवळ जन्मापासून असतो आणि विषाणूला पकडायला त्यात फारसे बदलही करावे लागत नाहीत. लस तयार करणारे आज याकडे बारकाईनं बघतात, कारण बहुसंख्य माणसांचं शरीर जी वाट आपण होऊन धरतं, तिकडे नेणारी लस पुष्कळांना उपयोगी पडेल.

आता तुमच्यासाठी एक काम. ए आणि पीएल घराण्याच्या लग्नातून झालेल्या पिल्लांपैकी एक भाऊ आणि एक बहीण घ्या. त्यांची जोडी लावली आणि 16 पिल्लं झाली, तर सरासरीनं किती पिल्लांच्या प्रतिपिंडांवर नाक उमटेल? नियम दोनच. जड साखळीची ए घराण्याची निदान एक प्रत हवी आणि हलकीचीही निदान एक हवी. चार रकाने उभे, चार आडवे असा तक्ता मांडा आणि प्रत्येक घर भरून बघा. घाई करू नका, आणि मित्राचं उत्तर बघू नका. तक्ता बरोबर भरला असेल तर उत्तर 9 येतं.